धनुर्वात आणि बोटुलिझम: कापले जाणारे प्रथिन तेच, मग परिणाम उलटे कसे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. चेतापेशी एकमेकींना रासायनिक संदेश कसा देतात, हे सांगताना पाठ्यपुस्तक एका टप्प्यावर येऊन थांबते: विद्युत संदेश चेताक्षाच्या टोकाशी पोहोचतो, कॅल्शियमचे आयन आत येतात, चेताप्रेषकाने भरलेल्या पुटिका पटलात विलीन होतात आणि रसायन बाहेर पडते. पुटिका पटलात विलीन होते ती नेमकी कशामुळे, हे तिथे आलेले नसते, म्हणून मी स्नेअर प्रथिनांविषयी थोडे पुस्तकाबाहेरचे सांगते. पुटिकेवरचे सिनॅप्टोब्रेव्हिन, चेतापेशीच्या पटलावरचे सिंटॅक्सिन आणि त्याच पटलाला चिकटलेले स्नॅप-२५ अशी तीन प्रथिने एकमेकांभोवती वळतात आणि त्यामुळे दोन पटले जवळ ओढली जातात, एवढे विद्यार्थ्यांना चांगले समजते. ही प्रथिने खरोखरच आवश्यक आहेत याचा पुरावा म्हणून मी धनुर्वाताचे विष आणि बोटुलिनम विष यांची उदाहरणे देते, कारण दोन्ही विषे हीच प्रथिने कापतात.

यंदा एका विद्यार्थिनीने विचारले, की दोन्ही विषे जर संदेशवहन बंद पाडत असतील, तर बोटुलिझममध्ये, म्हणजे बोटुलिनम विषाने होणाऱ्या रोगात, रुग्णाचे स्नायू लुळे पडतात आणि धनुर्वातात मात्र ते ताठ होतात, असे का? दोन विषे वेगवेगळी प्रथिने कापतात म्हणून, हे उत्तर तोंडावर येते, पण ते टिकत नाही. बोटुलिनमचा ए प्रकार स्नॅप-२५ कापतो हे खरे असले, तरी त्याचाच बी प्रकार सिनॅप्टोब्रेव्हिन कापतो आणि धनुर्वाताचे विषही तेच कापते. इतकेच नव्हे, तर दोघे ते एकाच जागी कापतात असे माझ्या वाचनात आले आहे. तसे असेल तर फरकाचे कारण प्रथिनात शोधून उपयोग नाही. ते कुठे शोधावे, आणि बारावीच्या मुलांना किती खोलात जाऊन सांगावे, याविषयी जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

तर्कदीप

आपण वाचलेले अगदी बरोबर आहे. १९९२ साली इटलीतील पादुआ येथील स्किआव्हो, माँतेकुक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की धनुर्वाताचे विष आणि बोटुलिनमचा बी प्रकार ही दोन्ही मुळात जस्ताच्या मदतीने चालणारी, प्रथिने कापणारी विकरे आहेत, आणि दोन्ही सिनॅप्टोब्रेव्हिनमधील ७६ व्या स्थानावरील ग्लुटामिन आणि ७७ व्या स्थानावरील फिनाइलॲलानिन यांच्यामधला एकच बंध तोडतात. पुढच्याच वर्षी ए प्रकार स्नॅप-२५ कापतो हे सिद्ध झाले. म्हणजे रेणूच्या पातळीवर पाहिले तर बोटुलिनमच्या ए आणि बी या दोन प्रकारांत जितके अंतर आहे, तितकेही बी प्रकार आणि धनुर्वाताचे विष यांच्यात नाही. तरीही ए आणि बी दोघेही स्नायू लुळे पाडतात आणि धनुर्वात ते ताठ करतो. आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न म्हणूनच नेमका आहे. उत्तर असे, की कापण्याची क्रिया कोणत्या चेतापेशीच्या टोकात घडते, त्यावर सगळे अवलंबून आहे.

दोन्ही विषांची बांधणी सारखी असते. सुमारे १०० किलोडाल्टनची एक जड साखळी आणि सुमारे ५० किलोडाल्टनची एक हलकी साखळी गंधकाच्या एका बंधाने जोडलेल्या असतात. चेतापेशी ओळखून तिला चिकटण्याचे आणि हलक्या साखळीला आत पोहोचवण्याचे काम जड साखळीकडे असते. हलकी साखळी हे कापणारे विकर. दोन्ही विषे प्रथम एकाच ठिकाणी, म्हणजे प्रेरक चेतापेशीच्या स्नायूलगतच्या टोकात शिरतात. येथवर त्यांची वाट एक आहे.

बोटुलिनम विष ज्या पुटिकेतून आत येते तिचे अंतरंग लवकरच आम्लधर्मी होते, त्या आम्लतेने जड साखळीची घडण बदलते आणि हलकी साखळी तिथल्या तिथे पेशीद्रवात सोडली जाते. ती त्याच टोकातली स्नेअर प्रथिने कापते, ॲसिटाइलकोलीन बाहेर पडणे थांबते, आणि मेंदूकडून आदेश येत असूनही स्नायूपर्यंत काहीच पोहोचत नाही. धनुर्वाताचे विष मात्र अशा पुटिकांत शिरते, की ज्यांचे अंतरंग उदासीनच राहते आणि ज्या चेताक्षातून उलट्या दिशेने, टोकाकडून पेशीकायेकडे, वाहून नेल्या जातात. त्यामुळे ते प्रेरक चेतापेशीत असूनही तिथे कापाकापी न करता मेरुरज्जूपर्यंत प्रवास करते, तिथे त्या पेशीतून बाहेर पडते आणि शेजारच्या निरोधक आंतर-चेतापेशींच्या टोकांत शिरते. आम्लता त्याला इथे मिळते, आणि सिनॅप्टोब्रेव्हिन इथे कापले जाते.

या निरोधक पेशी ग्लायसिन आणि गॅबा ही रसायने सोडून प्रेरक चेतापेशींना आवर घालत असतात. आपण कोपर वाकवतो तेव्हा दंडाच्या पुढचा स्नायू आकुंचन पावतो आणि मागचा सैल सोडला जातो. ही सैल सोडण्याची क्रिया निरोधक पेशी घडवून आणतात. त्यांचे तोंड बंद झाले, की पुढचा आणि मागचा असे दोन्ही स्नायू एकाच वेळी पूर्ण ताकदीने आकुंचन पावतात. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा बलवान असल्याने शरीर मागे वाकते, आणि आपल्या पूर्वजांनी या रोगाला दिलेले नाव हे त्याचेच वर्णन आहे. दाराचा आवाज किंवा अंगाला झालेला साधा स्पर्शही झटका आणतो, कारण येणाऱ्या प्रत्येक संवेदनेला आवर घालणारे कुणी उरलेले नसते. संदेशवहन धनुर्वातातही बंदच पडते. बंद पडतो तो ‘थांब’ हा संदेश.

या स्पष्टीकरणाचा एक स्वतंत्र पुरावा वर्गात सांगण्यासारखा आहे. कोकणात ज्याला काजरा म्हणतात त्या झाडाच्या बियांत स्ट्रिक्नीन हे विष असते. स्ट्रिक्नीन एकही प्रथिन कापत नाही. ते ग्लायसिनच्या ग्राहीवर जाऊन बसते आणि ग्लायसिनला तिथे बसू देत नाही. तरीही स्ट्रिक्नीनची बाधा झालेला रुग्ण धनुर्वाताच्या रुग्णासारखाच दिसतो. निरोप पाठवणारे टोक बंद करा किंवा निरोप घेणारी ग्राही अडवा, निरोधन गेले की चित्र तेच दिसते.

मुलांना किती सांगावे याविषयी माझे मत असे, की विषाच्या पुटिकांची आम्लता वगैरे वगळावी, पण कोपराचे उदाहरण आणि काजरा ही दोन्ही ठेवावीत.

नीलमोहर

तर्कदीप यांनी मांडलेल्या चित्राला रुग्णाच्या खाटेजवळून काही गोष्टी जोडते. मी भूलशास्त्राची डॉक्टर असून अतिदक्षता विभागात काम केले आहे.

विष चेताक्षातून वर चढत जाते हे रोगाच्या क्रमातून अक्षरशः दिसते. जखम पायाला झालेली असली, तरी साधारणपणे पहिले लक्षण जबड्याशी प्रकट होते: रुग्णाला तोंड उघडता येत नाही. याचे कारण असे, की रक्तातून पसरलेले विष सगळ्याच स्नायूंतील चेतापेशींच्या टोकांत शिरते, पण जबड्याच्या चेता आखूड असल्याने त्यातील विष आधी मुक्कामी पोहोचते. त्यानंतर मान, पाठ, पोट आणि शेवटी हातपाय असा क्रम लागतो. जखमेपासून लक्षणांपर्यंतचा काळ बहुधा ३ ते २१ दिवसांचा असतो, आणि तो जितका कमी तितका आजार गंभीर. रुग्ण मात्र पूर्ण शुद्धीवर असतो आणि त्याला सगळे जाणवत असते. या रोगाचे हे सर्वांत क्रूर अंग आहे.

बोटुलिझमचा क्रम याहून निराळा आहे. एकाची दोन दिसणे, पापण्या मिटू लागणे, बोलणे अडखळणे, गिळता न येणे, आणि मग लुळेपणा मानेकडून खाली हातापायांपर्यंत व श्वासाच्या स्नायूंपर्यंत उतरणे, असा तो असतो. ताप नसतो, शुद्ध जात नाही. तोंड कोरडे पडते, कारण लाळग्रंथींना जाणारा आदेशही ॲसिटाइलकोलीनच वाहून नेते. दोन्ही रोगांत मृत्यू येतो तो बहुधा श्वास बंद पडल्याने: एकात श्वासाचे स्नायू हलत नाहीत म्हणून, दुसऱ्यात ते सैल होत नाहीत म्हणून.

उपचारांची मर्यादाही याच रेणूंनी ठरवलेली आहे. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला निकामी करते, पण जे विष चेतापेशीच्या आत गेले त्याला ते गाठू शकत नाही. म्हणून ते द्यायचे तर लवकर द्यावे लागते, आणि दिल्यानंतरही आधी झालेले नुकसान लगेच भरून निघत नाही. धनुर्वाताच्या रुग्णाला आम्ही डायझेपामच्या जातीची औषधे देतो. ती गॅबाच्या ग्राहीवर काम करतात. निरोप पाठवणारी टोके बंद झालेली असली, तरी ग्राही शाबूत असतात, आणि जो थोडाफार गॅबा अजून बाहेर पडतो त्याचा परिणाम ही औषधे वाढवतात. मॅग्नेशियम सल्फेटही वापरले जाते. बाकी उपचार म्हणजे जखमेची स्वच्छता, प्रतिजैविक, शांत खोली, गरज पडल्यास कृत्रिम श्वास, आणि वाट पाहणे. तीही काही आठवड्यांची.

एक अपवाद सांगते, जो प्रत्यक्षात सिद्धान्ताला बळकटी देतो. डोक्याला किंवा चेहऱ्याला जखम झाल्यावर क्वचित जो धनुर्वात होतो, त्यात चेहऱ्याचे काही स्नायू ताठ होण्याऐवजी लुळे पडलेले आढळतात. प्रयोगशाळेतील प्राण्यांतही धनुर्वाताच्या विषाची मात्रा फार मोठी असेल, तर ते बोटुलिनमसारखे स्नायूजवळच काम करून लुळेपणा आणते. म्हणजे स्नायूलगतच्या टोकातील सिनॅप्टोब्रेव्हिन कापण्याची क्षमता त्याच्यात नाही असे नाही, एरवी ते तिथे थांबत नाही इतकेच.

कृष्णाकाठ

आपणा दोघांचेही मनापासून आभार. कोपराचे उदाहरण उद्याच वापरते. यातून दोन उपप्रश्न निघाले आहेत.

पहिला असा, की बोटुलिनमचा ए प्रकार स्नॅप-२५ च्या शेवटाकडून केवळ ९ अमिनो आम्ले तोडतो असे दिसते. २०६ अमिनो आम्लांच्या प्रथिनातून ९ गेली तर बाकीचे १९७ जागच्या जागी असतात. तेवढ्याने संपूर्ण यंत्रणा कशी थांबते? दुसरा असा, की कापलेले प्रथिन पेशी पुन्हा जोडू शकते का, आणि जोडू शकत नसेल तर बोटॉक्सचा, म्हणजे औषध म्हणून टोचल्या जाणाऱ्या याच ए प्रकाराचा, परिणाम तीन-चार महिन्यांनी आपोआप का ओसरतो?

तर्कदीप

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्नेअर संकुलाच्या रचनेत आहे. १९९८ साली क्ष-किरण स्फटिकशास्त्राने ही रचना उलगडली, तेव्हा चार सर्पिलांची एक घट्ट जुडी दिसून आली: सिनॅप्टोब्रेव्हिनचे एक, सिंटॅक्सिनचे एक, आणि स्नॅप-२५ ची दोन. म्हणजे नाव तिघांचे असले, तरी निम्मी जुडी एकट्या स्नॅप-२५ ने पुरवलेली असते. या प्रथिनाचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की ते पटलातून आरपार जात नाही. सिनॅप्टोब्रेव्हिन आणि सिंटॅक्सिन यांचे एक टोक पटलात रुतलेले असते. स्नॅप-२५ च्या मध्यभागी मात्र चार सिस्टीनना मेदाम्लाच्या साखळ्या जोडलेल्या असतात, आणि त्यांच्या आधाराने ते पटलाला धरून राहते.

आता ही जुडी एका टोकाकडून बांधली जाऊ लागते आणि बॅगेची चेन ओढावी तशी पटलाकडे सरकत मिटत जाते. शेवटचा, पटलालगतचा भाग मिटतो तेव्हा पुटिकेचे पटल आणि पेशीचे पटल एकमेकांच्या इतके जवळ येतात, की ती विलीन होतात. बोटुलिनम ए जी ९ अमिनो आम्ले तोडते, ती नेमकी या शेवटच्या भागातली आहेत. म्हणून कापलेले स्नॅप-२५ सिंटॅक्सिनला चिकटते, जुडीही बऱ्याच अंशी बांधली जाते, पण शेवटचे बळ मिळत नाही. कॅल्शियमची चाहूल लागताच पुटिका क्षणार्धात मोकळी करण्याचे काम सिनॅप्टोटॅग्मिन या प्रथिनाचे. त्याची आणि जुडीची सांगडही बिघडते. याचा पुरावा असा, की ए प्रकाराने बाधित झालेल्या टोकात कॅल्शियम भरपूर वाढवले तर रसायन बाहेर पडणे काही प्रमाणात पुन्हा सुरू होते. धनुर्वाताच्या विषाने बाधित झालेल्या टोकात तसे सहजी होत नाही. बोटुलिनमचा ई प्रकार स्नॅप-२५ ची २६ अमिनो आम्ले तोडतो आणि त्याच्यावरही कॅल्शियमची मात्रा फारशी चालत नाही. ९ आणि २६ यांतला हा फरक मला या साऱ्या विषयातला सर्वांत बोलका तपशील वाटतो.

मात्र ‘संपूर्ण यंत्रणा थांबते’ या शब्दांना थोडी मुरड घालावी लागेल. स्नॅप-२५ चे जनुकच काढून टाकलेले उंदीर जन्मतः मरतात, पण त्यांच्या चेतापेशी तपासल्या तेव्हा असे आढळले, की विद्युत संदेशाला प्रतिसाद म्हणून होणारे उत्सर्जन बंद पडले असले, तरी एखादी पुटिका आपोआप फुटून होणारे तुरळक उत्सर्जन चालूच होते. अशा तुरळक उत्सर्जनाची नोंद बर्नार्ड कॅट्झ यांच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकाच्या आरंभी झाली, आणि रसायन ठरावीक मापाच्या पुड्यांतून बाहेर पडते ही कल्पना त्यातूनच उभी राहिली. १९७० च्या नोबेल पारितोषिकाचे कॅट्झ हे एक मानकरी होते.

दुसऱ्या प्रश्नाविषयी: कापलेले प्रथिन जोडले जात नाही. पेशी नवे प्रथिन बनवते आणि ते टोकाकडे पाठवते. पण विषाची हलकी साखळी आतच असेल तर ती नवेही कापते, म्हणून परिणाम किती टिकणार हे मुख्यतः ती साखळी पेशीत किती काळ तग धरते यावर ठरते. ए प्रकाराची साखळी महिनोन्‌महिने टिकते, ई प्रकाराची काही आठवड्यांत नाहीशी होते. प्रथिन तेच, तरी मुदत वेगळी. उंदरांवरील अभ्यासात असेही दिसले, की मधल्या काळात चेताक्षाला नवे धुमारे फुटतात आणि ते तात्पुरते काम चालवतात. मूळ टोक पूर्ववत झाले, की ते धुमारे मागे घेतले जातात.

फळमाशी

चर्चा पुटिका विलीन होईपर्यंत आली आहे, पण विलीन झाल्यानंतरचा भाग राहून गेला. त्यात मुंबईशी निगडित एक कथा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

चार सर्पिलांची ती जुडी विलक्षण घट्ट असते. ती डिटर्जंटमध्येही सुटत नाही आणि सुटावी म्हणून जवळजवळ उकळत्या तापमानापर्यंत तापवावी लागते. पुटिका विलीन झाल्यावर ही जुडी पेशीच्या पटलावर तशीच पडून राहिली, तर पुढच्या पुटिकेसाठी मोकळी प्रथिने उरणार नाहीत. ती सोडवण्याचे काम एनएसएफ नावाचे प्रथिन करते आणि त्यासाठी एटीपीची ऊर्जा खर्च करते. एनएसएफचा शोध मेंदूत लागलेला नाही. जेम्स रॉथमन यांच्या प्रयोगशाळेत ते १९८० च्या दशकात गॉल्गी पिंडातील वाहतुकीचा अभ्यास करताना हाती आले. १९९३ साली याच गटाने एनएसएफला कोणती प्रथिने चिकटतात हे शोधण्यासाठी गाईच्या मेंदूचा अर्क घेतला, तर त्यातून निघाली ती सिनॅप्टोब्रेव्हिन, सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५. ही तिन्ही प्रथिने चेतासंधीतील म्हणून आधीच माहीत होती, स्नॅप-२५ तर १९८९ पासून. ती करतात काय, हे मात्र आता कळले. साध्या पेशीतील वाहतूक आणि मेंदूतील संदेशवहन एकाच यंत्रणेवर चालते, हा केवढा मोठा निष्कर्ष आहे! रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस स्यूडहॉफ यांना २०१३ चे नोबेल याच विषयासाठी मिळाले.

आता मुंबईकडे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा करणारे ओबेद सिद्दीकी यांनी सेमूर बेंझर यांच्याबरोबर फळमाशीचे असे उत्परिवर्ती वाण शोधले, की जे तापमान वाढताच लुळे पडतात. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात ‘कोमॅटोज’ नावाचा एक वाण आहे. साध्या तापमानाला ही माशी इतर माश्यांसारखीच वावरते. ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास ती निपचित पडते, आणि पुन्हा थंडाव्यात आणल्यावर सावरायला वेळ घेते. बिघाड नेमका कशात आहे हे त्या काळी रेणूपर्यंत जाऊन सांगणे शक्यच नव्हते. जवळजवळ वीस वर्षांनी, १९९५ साली, अमेरिकेतील बॅरी गॅनेट्झ्की यांच्या गटाने दाखवले, की कोमॅटोजमध्ये बिघडलेले जनुक एनएसएफचे आहे. या माश्यांना उष्णता दिली की त्यांच्या चेतापेशींत न सुटलेल्या स्नेअर जुड्यांचा साठा होतो, हेही पुढे सिद्ध झाले. रॉथमन यांनी परीक्षानळीत जे पाहिले होते, ते जिवंत प्राण्यात घडताना या वाणात दिसले. एक वाण कशासाठी उपयोगी पडेल हे ठाऊक नसताना तो नीट जतन करून ठेवणे, यालाच मी मूलभूत संशोधन म्हणते.

मूळ प्रश्नाशी याचा थेट संबंध असा, की पूर्ण बांधलेली जुडी या विषांना कापता येत नाही. ती सुटी प्रथिनेच कापतात: नुकती बनलेली, किंवा एनएसएफने नुकतीच सोडवलेली. ज्या टोकात देवाणघेवाण अधिक, तिथे प्रथिने वारंवार सुटी होतात. शिवाय पुटिका रिकामी होऊन परत आत घेतली जाते तेव्हा विषाला तिच्यातून प्रवेशही मिळतो. चेतेला उद्दीपित करत राहिल्यास बोटुलिनमचा लुळेपणा लवकर येतो, हे निरीक्षण जुनेच आहे.

आणि कृष्णाकाठताई, आपल्या विद्यार्थिनीला हेही सांगा, की धनुर्वाताच्या विषाची हलकी साखळी आज प्रयोगशाळेत साधन म्हणून वापरली जाते. तिचे जनुक माशीच्या हव्या त्या चेतापेशींतच चालू करता येते. जड साखळी नसल्याने ती शेजारच्या पेशीत जात नाही. अशा रीतीने निवडक पेशी गप्प करून त्या पेशी माशीच्या वर्तनात काय भूमिका बजावतात, हे पाहिले जाते.

रानवारा

मी विज्ञानाचा अभ्यासक नाही, पण चर्चा वाचून दोन शंका आल्या. बोटुलिनम विष स्नायूजवळच थांबते असे वर म्हटले आहे. मग चेहऱ्यावर बोटॉक्सची टोचणी घेणाऱ्यांच्या मेंदूपर्यंत ते जातच नाही, असे खात्रीने म्हणता येते का? दुसरे असे, की आमच्या घरी नवजात बाळाला मध चाटवण्याची रीत आहे आणि यंदा डॉक्टरांनी ती बोटुलिझमचे नाव घेऊन थांबवली. घरातील वडीलधाऱ्यांना ते पटलेले नाही. मध तर खराब होत नाही असे ते म्हणतात.

तर्कदीप

पहिल्या शंकेविषयी. ‘थांबते’ हे मुख्यत्वेकरून खरे आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांच्या मिशांच्या स्नायूंत ए प्रकार टोचल्यावर मेंदूच्या खोडातील चेहऱ्याच्या चेताकेंद्रात कापलेले स्नॅप-२५ आढळले, म्हणजे काही अंश चेताक्षातून मागे गेला होता. माणसांत उपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या अत्यल्प मात्रेत याचे महत्त्व किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत; पण स्नायूवर दिसणारा परिणाम स्नायूलगतच्या टोकात होतो यावर दुमत नाही. बोटॉक्सचा आरंभ सौंदर्यासाठी झालेला नाही, हेही नमूद करतो. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरले, अमेरिकेत १९८९ साली त्याला मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या अनिच्छ आकुंचनासाठी, आणि भुवयांमधल्या आठ्यांसाठीची मान्यता २००२ मधली आहे.

नीलमोहर

रानवारा, आपल्या डॉक्टरांनी योग्य तेच केले. मध खराब होत नाही हे घरच्यांचे म्हणणेही खरे आहे, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मधात पाणी इतके कमी असते की जिवाणू वाढू शकत नाहीत. मात्र क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनमची बीजाणू अवस्था त्यात न वाढता, न मरता टिकून राहते. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीच स्थिरावलेले जिवाणू या बीजाणूंना रुजू देत नाहीत. एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात ती व्यवस्था अजून बसलेली नसते. बीजाणू तिथे रुजतात, वाढतात आणि तिथेच विष तयार करतात. बाळाला आधी बद्धकोष्ठ होतो, मग रडणे क्षीण होते, दूध ओढता येत नाही, मान धरवत नाही. अर्भकांतील हा प्रकार स्वतंत्र रोग म्हणून १९७६ साली कॅलिफोर्नियात ओळखला गेला. मध उकळून दिला तर चालेल का, असे आपल्याला घरात विचारले जाईल. नाही: उकळल्याने विष नष्ट होते, बीजाणू नष्ट होत नाहीत. मध शुद्ध असणे, गावाकडचा असणे याने काही फरक पडत नाही. पहिला वाढदिवस होईपर्यंत थांबावे, एवढेच करायचे आहे.

विषय नवजात बाळाचा निघाला आहे म्हणून धनुर्वाताचेही लिहिते. नाळ अस्वच्छ पात्याने कापल्याने किंवा तिच्यावर शेणासारखे काही लावल्याने होणारा नवजात बालकांचा धनुर्वात आपल्याकडे एके काळी मोठ्या प्रमाणावर बाळे हिरावून नेत असे. गर्भवती स्त्रीला लस दिली की तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि पहिल्या काही आठवड्यांत त्याला वाचवतात. लसीकरण आणि स्वच्छ प्रसूती यांच्या जोरावर भारताने २०१५ साली माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन साधल्याची पडताळणी झाली. निर्मूलनाचा निकष होता प्रत्येक जिल्ह्यात १,००० जिवंत जन्मांमागे १ पेक्षा कमी रुग्ण. देवीसारखा हा रोग समूळ नाहीसा होणार नाही, कारण त्याचे बीजाणू मातीत आहेत आणि राहणार आहेत.

कृष्णाकाठ, आपल्या वर्गासाठी यात एक प्रश्न दडलेला आहे. धनुर्वातातून बरा झालेल्या रुग्णालाही आम्ही घरी सोडण्याआधी लसीची मालिका सुरू करतो, कारण गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, तसे इथे नसते. माणसाला आजारी पाडायला या विषाची इतकी कमी मात्रा पुरते, की प्रतिकारशक्तीला त्याची दखल घेण्याइतके विष शरीरात येतच नाही. लसीत निर्विष केलेले तेच प्रथिन असते आणि मात्रा पुष्कळ मोठी असते. एवढ्याशा मात्रेने आजार का होतो, हे मुलांना आधी विचारून पाहा. विकर एक बंध तोडून संपत नाही, ते पुढचा तोडायला मोकळे असते, इथपर्यंत बारावीची मुले स्वतः पोहोचू शकतील असे वाटते.

कृष्णाकाठ

विचारते. सोमवारी तास आहे. मुलांनी काय उत्तरे दिली ती इथेच लिहीन.